चोरीचा मामला, हळूहळू बोंबला

फेब्रुवारी २०२० मधली एक सकाळ. वाकडच्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये माझा रूममेट तोंडही न धुता लॅपटॉपसमोर बसला होता. मी चहाचा कप घेऊन बाहेर आलो, तर त्यानं स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि विचारलं, "हे मी खेळलोय का रे?"

स्क्रीनवर आदल्या रात्रीच्या डावांची नोंद होती. पोकरच्या साइट प्रत्येक डावाचा हिशोब ठेवतात : कुणाला कुठली पानं आली, कुणी किती लावले, कोण जिंकलं. रात्री तीन वाजून सात मिनिटांनी त्याच्या आयडीनं एक टेबल धरलं होतं. समोर एकच खेळाडू, नाव अनोळखी. तिसऱ्या डावात याला आली होती सत्ती आणि दुर्री, तीही वेगवेगळ्या रंगांची. टेक्सस होल्डेममध्ये सुरुवातीला दोन पानं मिळतात, आणि सत्ती-दुर्रीसारखा भिकार हात दुसरा नाही. शिकाऊ पोरसुद्धा तो टाकून देतं. याच्या आयडीनं त्यावर समोरचे सगळे पैसे लावले होते. हरल्यावर पुन्हा पैसे आणले, पुन्हा तसंच. वीस मिनिटांत एक्केचाळीस हजार रुपये त्या अनोळखी माणसाकडे गेले होते.

रात्री तीन वाजता माझा रूममेट घोरत होता. पलीकडच्या गादीवर मी होतो, मी साक्षीला आहे.

"लॅपटॉप दे इकडे," मी म्हणालो, "आधी फॉरमॅट मारू."

काय झालं असेल, हे मी त्याला विचारलं नाही. कारण तीन आठवड्यांपूर्वी त्याला एक पेनड्राइव्ह मीच दिला होता.

ही गोष्ट त्या पेनड्राइव्हची आहे. पण ती नीट सांगायची तर बरंच मागे जायला हवं.

झाकल्या मुठीचं गणित

बुद्धिबळात सगळं पटावर उघडं असतं. पोकरमध्ये माझी पानं फक्त मला दिसतात आणि तुमची फक्त तुम्हाला. आपल्याकडे म्हणतात, झाकली मूठ सव्वा लाखाची. पोकर हा अख्खा खेळ या एका म्हणीवर उभा आहे. मुठीत काही नसलं तरी सव्वा लाख असल्यासारखं वागता येतं, त्यालाच ब्लफ म्हणतात.

या झाकल्या मुठीमागे गणित आहे, हे जॉन फॉन नॉयमननं दाखवलं. १९२८ साली त्यानं खेळांच्या सिद्धांतावरचा आपला शोधनिबंध छापला, आणि १९४४ साली ऑस्कर मॉर्गेनस्टर्नबरोबर लिहिलेल्या जाडजूड ग्रंथात पोकरवर स्वतंत्र विवेचन केलं. त्याच्या साध्या, कागदावरच्या पोकरमधून निघालेला निष्कर्ष गमतीदार होता. ब्लफ हा धाडसी स्वभावाचा किंवा बनेलपणाचा भाग नाही, ते गणिती कर्तव्य आहे. ठराविक वेळा खोटं बोललंच पाहिजे, आणि तेही मधल्या हातावर नाही, सर्वांत वाईट हातावर. १९५० साली जॉन नॅशनं आपल्या छोटेखानी पीएचडी प्रबंधात समतोलाची कल्पना मांडली, तेव्हा त्यानंही उदाहरण घेतलं ते तीन खेळाडूंच्या एका सोप्या पोकरचं.

कागदावरचं पोकर आणि खरं पोकर यांत मात्र भलतंच अंतर होतं. ते कापायला संगणक लागले. २००७ साली कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या संशोधकांनी एक पद्धत मांडली. प्रोग्राम स्वतःशीच पुन्हा पुन्हा खेळतो. प्रत्येक फेरीनंतर हिशोब करतो की इथं दुसरं काही केलं असतं तर किती फायदा झाला असता, आणि मग तो 'पस्तावा' हळूहळू कमी करत नेतो. पस्तावा हा शब्द माझा नाही, त्या पद्धतीच्या इंग्रजी नावातच तो आहे. जानेवारी २०१५ मध्ये याच विद्यापीठाच्या सेफियस या प्रोग्रामनं, दोघांत खेळायच्या मर्यादित बोलीच्या होल्डेमचं कोडं जवळपास पूर्ण सोडवलं. त्यासाठी ४,८०० प्रोसेसर ६८ दिवस राबत होते. दोन वर्षांनी पिट्सबर्गमध्ये लिब्राटस नावाच्या प्रोग्रामनं चार कसलेल्या व्यावसायिकांना १,२०,००० डावांत हरवलं.

आणि २०१५ मध्येच पायोसॉल्व्हर बाजारात आला. आता प्रयोगशाळेची गरज उरली नाही. टेबलावरची पानं, दोघांकडे असू शकतील असे हात आणि बोलीच्या रकमा भरायच्या, बटण दाबायचं, आणि घरचा संगणक तासन्‌तास घरघरून सांगणार : या हातावर १०० पैकी ३७ वेळा बोली लाव, ६३ वेळा थांब. फॉन नॉयमननं कागदावर जे मांडलं, ते काहीशे डॉलरमध्ये कुणालाही विकत मिळू लागलं.

विकत. सगळी अडचण या एका शब्दाची होती.

फुकट ते पौष्टिक

२०१९ साली माझ्या हातात महिन्याला सत्तावीस हजार येत. सॉल्व्हरची मोठी आवृत्ती घ्यायची तर महिन्याचा अख्खा पगार गेला असता. आणि खरं सांगायचं तर विकत घेण्याचा विचार मनाला शिवलाही नाही. आमच्या हॉस्टेलवर सॉफ्टवेअर विकत घेतलेला माणूस कुणी पाहिला नव्हता. गेम, सिनेमे, मॅटलॅब, फोटोशॉप सगळं लॅनवर असे, आणि प्रत्येक फोल्डरमध्ये एक 'क्रॅक' नावाचं पिल्लू असे. आमच्या आधीच्या पिढीनं लॅमिंग्टन रोडवरून सीडी आणल्या, आम्ही टॉरेंट लावले. फुकट ते पौष्टिक, हा आमचा अलिखित अभ्यासक्रम.

एका टेलिग्राम चॅनेलवर सॉल्व्हरची झिप फाइल मिळाली. सोबत सूचनांची टेक्स्ट फाइल : अँटीव्हायरस बंद करा, ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा, धोक्याचा इशारा आला तर दुर्लक्ष करा, क्रॅकमुळे खोटी ओरड होते. मी कॉम्प्युटर इंजिनियर. तरीही या चार ओळी मी फ्रिजच्या वॉरंटी कार्डासारख्या वाचल्या आणि सांगितलं तसं केलं. सॉफ्टवेअर चाललं. छान चाललं. मग मी ते रूममेटला दिलं आणि वर सल्लाही दिला, "अँटीव्हायरस बंद कर हां, नाहीतर उगाच बोंबलत बसेल."

पाहुण्याच्या पायानं आलेला चोर

अशा पेनड्राइव्हचा एक पूर्वज लाहोरचा आहे. १९८६ साली तिथं बासित आणि अमजद फारूक अल्वी हे दोन भाऊ संगणकाचं दुकान चालवत. त्यांनी लिहिलेला 'ब्रेन' हा पीसीवर पसरलेला पहिला व्हायरस मानला जातो. त्यांचं म्हणणं असं की, आपल्या वैद्यकीय सॉफ्टवेअरच्या चोरट्या प्रती कुठवर जातात ते कळावं म्हणून तो केला. त्यात त्यांनी आपली नावं, दुकानाचा पत्ता आणि फोन नंबरसुद्धा घातले होते, लस हवी तर संपर्क साधा म्हणून! फ्लॉपीमागून फ्लॉपी तो अमेरिकेपर्यंत पोचला. म्हणजे पीसीच्या व्हायरसचा इतिहास सुरू होतो तोच चोरट्या प्रतींच्या वाटेवर. ती वाट कुणा गुन्हेगारानं बांधलेली नव्हती. "मला पण एक कॉपी दे ना" असं म्हणणाऱ्या मित्रांनी बांधली होती.

पोकर इंटरनेटवर आलं ते १९९८ साली, प्लॅनेट पोकर या साइटमुळे, आणि पुढच्याच वर्षी त्याची पहिली मोठी फजिती झाली. पत्ते प्रामाणिकपणे पिसले जातात हे खेळाडूंना पटावं म्हणून पिसण्याचं सूत्र जाहीर केलेलं होतं. एका सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी ते वाचलं. ५२ पत्ते पिसण्याचे प्रकार इतके आहेत की ती संख्या लिहायला ६८ आकडे लागतात. पण हा प्रोग्राम सुरुवातीचा आकडा घ्यायचा घड्याळातून, मध्यरात्रीपासून किती मिलिसेकंद झाले तो. दिवसात मिलिसेकंद असतात फक्त ८ कोटी ६४ लाख. सर्व्हरच्या घड्याळाशी आपलं घड्याळ जुळवलं की उरायच्या साधारण दोन लाख शक्यता. आपली दोन पानं आणि टेबलावरची तीन दिसली, की सगळ्यांची झाकलेली पानं उघडी. संशोधक सज्जन होते, त्यांनी ही चूक जाहीर केली. पण धडा स्पष्ट होता. ऑनलाइन पोकरमध्ये चांगलं खेळण्यापेक्षा समोरच्याची पानं पाहणं जास्त किफायतशीर आहे.

२००३ साली ख्रिस मनीमेकर नावाचा अकाउंटंट इंटरनेटवरच्या स्वस्तातल्या स्पर्धेतून जागतिक स्पर्धेत शिरला आणि २५ लाख डॉलर जिंकला. लाखो लोक साइटवर धावले, आणि त्यांच्यामागून त्यांची हत्यारं आली : टक्केवारी काढणारे, समोरच्याच्या सवयी नोंदवणारे, हिशोब ठेवणारे प्रोग्राम. २००६ साली एफ-सिक्युअर या फिनलंडच्या कंपनीला असाच एक फुकटचा कॅल्क्युलेटर सापडला. साइटनं कापलेल्या कमिशनपैकी किती परत मिळेल ते तो सांगे. आणि हिशोब सांगता सांगता संगणकात लपून बसून पोकरच्या साइटचे पासवर्ड चोरे.

२०१३ मध्ये जेन्स क्यूलोनेन हा फिनिश खेळाडू बार्सिलोनाला स्पर्धेसाठी गेला. हॉटेलच्या खोलीतून त्याचा लॅपटॉप गायब झाला आणि थोड्या वेळानं जागेवर परत आला. आपण असतो तर देवाचे आभार मानून झोपलो असतो. त्यानं तो तपासायला दिला, तेव्हा स्क्रीन दुरून पाहता येईल असा प्रोग्राम त्यात टाकलेला सापडला.

पण इतक्या बड्या खेळाडूच्या खोलीत शिरायला माणूस लागतो. आमच्यासारख्या चिल्लर लोकांसाठी स्वस्त उपाय निघाला. सप्टेंबर २०१५ मध्ये, म्हणजे सॉल्व्हर बाजारात आले त्याच वर्षी, ईसेट या कंपनीनं ओडलानॉर नावाच्या ट्रोजनची माहिती प्रसिद्ध केली. तो यायचा लोकप्रिय सॉफ्टवेअरच्या बनावट इन्स्टॉलरमधून, आणि खास करून पोकरचे कॅल्क्युलेटर आणि खेळाडूंचे डेटाबेस म्हणून. आला की गप्प बसायचा. तुम्ही पोकरस्टार्स किंवा फुल टिल्टची खिडकी उघडली की तिचे फोटो काढून मालकाला पाठवायचा. फोटोत तुमची पानं आणि तुमचा आयडी. त्या साइटवर आयडी टाकून खेळाडू कुठल्या टेबलावर बसलाय ते शोधता येई. मग मालक तुमच्या समोर येऊन बसायचा. बळी पडलेले काही शे लोक होते, बरेचसे पूर्व युरोपातले. ट्रोजनच्या नंतरच्या आवृत्त्या ब्राउझरमधले पासवर्डही न्यायला लागल्या.

इथं जरा थांबा आणि या चोरीची रचना पाहा. दुसऱ्याच्या झाकल्या मुठीत काय असेल याचा अंदाज यावा म्हणून माणूस एक प्रोग्राम आणतो. आणि तो प्रोग्राम त्याचीच मूठ उघडून टेबलावर ठेवतो. चोरावर मोर म्हणतात तो हा.

एका बाइटची गोष्ट

क्रॅक म्हणजे नेमकं काय असतं? सोप्यातला सोपा प्रकार सांगतो. प्रोग्राममध्ये कुठेतरी एक प्रश्न असतो : लायसन्स खरं आहे का? उत्तर पाहून प्रोग्राम एकीकडे किंवा दुसरीकडे वळतो. तो वळण्याचा हुकूम बऱ्याचदा एका बाइटचा असतो. तो बदलला की उत्तर काहीही असो, दार उघडतं. लायसन्सचे बंदोबस्त आता याहून खूप कडक असतात, पण तत्त्व तेच. कुणीतरी तयार प्रोग्राम उघडला, आतलं बदललं आणि पुन्हा शिवला. एक बाइट बदलणाऱ्याला दहा हजार बाइट भरायला कुणी अडवलेलं नसतं. आणि तुम्ही अँटीव्हायरस स्वतःच्या हातानं बंद केलेला असतो.

सॉल्व्हर तर चोराला लपायला जगातली सर्वांत सोयीची जागा आहे. एरवी लॅपटॉप तापला, पंखा घोंगावायला लागला, की शंका येते. सॉल्व्हर चालू असताना तो तापायलाच हवा. आत कुणी क्रिप्टोचं खाणकाम करत असेल तरी तुम्ही म्हणणार, वा, गणित सुटतंय.

त्याहून वाईट म्हणजे उत्तराची खात्री. चोरीच्या फोटोशॉपनं चित्र बिघडवलं तर डोळ्यांना दिसेल. सॉल्व्हरनं सांगितलं की इथं ३७ टक्के ब्लफ कर, तर ते २२ हवं होतं हे तुम्हाला कसं कळणार? ते कळत असतं तर सॉल्व्हर कशाला लागला असता? क्रॅक करताना गणिताचा एखादा धागा तुटला, तरी तो पूर्वीइतक्याच आत्मविश्वासानं आकडे दाखवत राहील. आणि आपण हरल्यावर नशिबाला बोल लावू.

युनिक्सच्या जनकांपैकी एक, केन थॉम्प्सन यांचा ट्युरिंग पुरस्काराच्या निमित्तानं १९८४ साली छापलेला एक लहानसा लेख आम्हाला कॉलेजात नेमलेला नव्हता. नेमायला हवा होता. कंपायलरमध्येच असा चोरकप्पा करता येतो की मूळ कोड कितीही वाचला तरी तो दिसत नाही, हे त्यांनी त्यात दाखवलं. त्यांचा निष्कर्ष असा की, जो कोड तुम्ही स्वतः लिहिलेला नाही, त्याच्यावर विश्वास ठेवणं म्हणजे शेवटी तो लिहिणाऱ्या माणसावर विश्वास ठेवणं. विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरमागे निदान एक कंपनी असते, तिचं नाव असतं, नाव गेलं तर धंदा बुडतो. माझ्या झिप फाइलमागे कोण होतं? एक टोपणनाव आणि कवटीचं चित्र.

हळूहळू बोंबला

त्या सकाळी साइटच्या कस्टमर केअरला मेल केला. उत्तर आलं : तुमच्याच पासवर्डनं लॉगिन झालंय, आम्ही काही करू शकत नाही. पोलिसांत जायचं का, यावर आम्ही रात्री चर्चा केली. जाऊन काय सांगणार? चोरीचं सॉफ्टवेअर टाकलं, त्यानं चोरी केली, आणि पैसे कुठले तर पत्त्यांतले. शिवाय याच्या घरी पोकरचा पत्ता नव्हता. एक्केचाळीस हजारांतले चौदा हजार जिंकलेले होते, बाकी पगारातून साठवून टाकलेले. सेकंडहँड बाइक घ्यायची म्हणून. ती बाइक राहूनच गेली.

चोरीचा मामला, हळूहळू बोंबला. ही म्हण आपण गमतीनं वापरतो, पण या धंद्याचं खरं भांडवल तीच आहे. ज्याला ओरडायची लाज वाटेल, त्यालाच लुटायचं. क्रॅक वापरणारा तक्रार करत नाही, जुगाराला गेलेले पैसे कुणी रडून मागत नाही. दोन्ही एकत्र आले की चोराला यापेक्षा सुरक्षित गिऱ्हाईक मिळणार नाही.

आणि उरलासुरला पुरावा मी फॉरमॅट करून स्वतःच्या हातानं पुसला होता. तेव्हा वाटलं, मी मदत करतोय. आज वाटतं, मी लपवत होतो.

२०२२ मध्ये जुन्या हार्डडिस्कवर ती झिप पुन्हा दिसली. या वेळी ती व्हर्च्युअल मशीनमध्ये, नेटवर्कवर नजर ठेवून चालवली. पहिल्याच क्लिकला सॉल्व्हरबरोबर आणखी एक फाइल मुकाट उतरली. नाव ब्राउझरच्या अपडेटसारखं. विंडोज सुरू झालं की आपणही सुरू व्हायची सोय तिनं करून घेतली, आणि मग परदेशातल्या एका पत्त्यावर हाका मारू लागली. तो पत्ता तोवर बंद पडला होता. ती फाइल माझ्याही लॅपटॉपवर चालली होती. माझ्या अकाउंटात तेव्हा सहाशे रुपये होते. चोरानं पाहिले असतील आणि पुढं गेला असेल.

रूममेट तोवर नाशिकला गेला होता. मी फोन लावला आणि सगळं सांगितलं. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "माहितीये रे मला. तू त्या दिवशी काय झालं ते विचारलंच नाहीस, डायरेक्ट फॉरमॅट म्हणालास. तेव्हाच कळलं."

"मग बोलला का नाहीस?"

"म्हटलं, तू बोलशील."

दोन वर्षं आम्ही एका ताटात जेवलो होतो आणि दोघांच्याही मुठी झाकलेल्या होत्या. मी सॉल्व्हरवर रात्र रात्र बसून समोरच्याच्या हातात काय असेल ते शिकत होतो, आणि समोरच्या गादीवरचा माणूस मला केव्हाच वाचून बसला होता.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला आणि देशातल्या पोकरच्या साइटनी पैशांची टेबलं बंद केली. म्हणून ही गोष्ट जुनी झाली असं समजू नका. चोराला पोकरशी प्रेम नव्हतं. २०२० पासून रेडलाइनसारखे चोरटे प्रोग्राम क्रॅकच्या आडून पसरले, ते ब्राउझरमधले पासवर्ड आणि कुकीज उचलतात. चालू सेशनची कुकी हाती लागली की कित्येकदा ओटीपीही आडवा येत नाही. आज पोकरचा सॉल्व्हर असेल, उद्या व्हिडिओ एडिटर, परवा परीक्षेच्या तयारीचं ॲप.

गणिताची ओढ असेल तर सॉल्व्हर शिकायला आता चोरी करायचीही गरज नाही. मुक्त स्रोतातले सॉल्व्हर आहेत, त्यांचा कोड उघडा आहे, मूळ ठिकाणाहून घ्या. आणि कधी फसलातच, तर फॉरमॅट मारू नका. आधी दुसऱ्या फोनवरून पासवर्ड बदला, लॅपटॉपचं इंटरनेट काढा, १९३० वर फोन करा. बोंबला, आणि मोठ्यानं बोंबला.

तो पेनड्राइव्ह अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. आठ जीबीचा, निळा, टोपण हरवलेला. दिवाळीत रूममेट पुण्याला आला होता, तेव्हा त्यानं तो पाहिला, हातात फिरवला आणि विचारलं, "यात काय आहे?"

या वेळी मी सगळं सांगितलं.